सेंट मेरी रेडक्लिफ, ब्रिस्टल : चार काचांसाठी एवढं लांब जावं का?

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. जावं. चर्चला तिकीट नाही, टेम्पल मीड्स स्टेशनातून पायी दहा-बारा मिनिटांचा रस्ता, आणि स्पर्धेतून निवडलेल्या ज्या चार नव्या रंगीत काचांसाठी मी लेकीच्या मागे लागलो होतो त्या निवांत बघायला अर्धा तास पुरतो. बाकीच्या चर्चला दीड-दोन तास सहज जातात, ते वेगळे.

मी मिरजेकडच्या एका हायस्कूलातला निवृत्त ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे गठ्ठे तपासता तपासता चष्म्याचा नंबर वाढला, 'पाणी वाचवा' आणि 'झाडे लावा'च्या स्पर्धांना परीक्षक म्हणून नारळ-टॉवेल घेतले. त्यामुळे कुठं चित्राची स्पर्धा झाली असं वाचलं, की चित्र बघण्याआधी मला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. विषय काय होता? आणि नंबर कुणाला लागला? या स्पर्धेबाबत दोन्हींची उत्तरं कळल्यावर मी लेकीला म्हटलं, लंडन आय वगैरे राहू दे, मला ब्रिस्टलातच दिवसभर सोड.

प्रकरण असं आहे. या चर्चच्या उत्तरेकडच्या बाहूत (क्रुसाच्या आकाराच्या इमारतीच्या आडव्या हातात) एक मोठी व्हिक्टोरियन खिडकी आहे, एडवर्ड कोल्स्टन या माणसाच्या स्मरणार्थ बसवलेली. कोल्स्टन (१६३६–१७२१) मूळचा याच गावचा. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत तो होता, १६८९-९० मध्ये तिथला डेप्युटी गव्हर्नर. तो कंपनीत असतानाच्या काळात सुमारे ८४,००० आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे नेली गेली आणि त्यातली १९,००० च्या आसपास वाटेतच मेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पैसा मिळाला तसा त्यानं गावात वाटलाही. शाळा, म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी निवारे, चर्चना देणग्या. मग गावानं त्याचं नाव रस्त्याला दिलं, शाळांना दिलं, सभागृहाला दिलं, १८९५ मध्ये भर चौकात पुतळा उभा केला. दाता म्हटला की आपल्याकडेही कुणी पैशाचं मूळ विचारत नाही. देवळाच्या पायरीवर नाव कोरून मोकळे.

७ जून २०२० ला मोर्चातल्या लोकांनी तो पुतळा दोरानं ओढून पाडला, फरफटत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. ती दृश्यं आपण सगळ्यांनीच टीव्हीवर बघितली. त्याच महिन्यात या चर्चनं कोल्स्टनच्या खिडकीतले खालच्या रांगेतले चार खण काढून घेतले. वरची खिडकी तशीच ठेवली. आणि मग २०२२ मध्ये त्या चार रिकाम्या खणांसाठी स्पर्धा लावली.

इथं जरा थांबतो, कारण हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटला. आपल्याकडे मुंबईत १९६५ मध्ये काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड उचलून राणीच्या बागेत नेला. जागेचं नाव 'काळा घोडा'च राहिलं, घोडा मात्र भायखळ्याला. तोही एक मार्ग आहे, आणि त्या काळाला तो योग्यच होता. पण काढलेल्या जागी काय ठेवायचं, हा प्रश्न आपण बरीच वर्षं टाळला. इथं चर्चनं तो प्रश्न चित्रकारांच्या पुढ्यात टाकला.

पहिला नंबर आला एलिश स्विफ्ट यांचा. तेव्हा पेशानं ज्युनियर डॉक्टर! माझी लेक इकडच्याच एका हॉस्पिटलात नोकरी करते. नाइट ड्युटी करून आली की चहाचा कप विसळायचं त्राण तिच्यात उरत नाही, आणि तिच्याच पेशातल्या एका बाईनं शतकानुशतकं टिकायच्या काचेचं डिझाइन करून स्पर्धा मारली. मी परीक्षक असतो तर नंबर देताना हात थरथरला असता, कारण जाणकार म्हणवणाऱ्यांना हौशी माणसाला पहिलं देणं जड जातं. तेवढ्यासाठीच त्या परीक्षकांना माझा नमस्कार.

स्पर्धांचा माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेनं सुवर्णमहोत्सवाच्या स्मृतिकमानीसाठी स्पर्धा ठेवली होती. नाव घेत नाही, गाव लहान आहे. विषयपत्रिकेत लिहिलेलं : संस्थापकांचं चित्र, कमळ, पुस्तक, समई, उगवता सूर्य आणि संगणक हे सगळं आलं पाहिजे. आलेल्या प्रवेशिका मी पाहिल्या. एकाही पोराला श्वास घ्यायला जागा नव्हती. शेवटी कमान बांधली ती सेक्रेटरींच्या साडूच्या इंजिनियर मुलानं काढली तशी. स्पर्धेतली चित्रं ऑफिसच्या कपाटावर पडून राहिली. स्मारकाची स्पर्धा बहुतेक वेळा विषय देतानाच नासते, परीक्षणाच्या दिवशी नाही. ज्याला जे उत्तर हवं ते तो विषयातच लिहून टाकतो.

रेडक्लिफच्या चार खणांत एका मोठ्या माणसाच्या जागी दुसरा मोठा माणूस आणून बसवलेला नाही. एका खणात गुलामांना घेऊन अटलांटिक ओलांडणारं जहाज. एकात १९६३ चा ब्रिस्टलचा बस बहिष्कार. एकात आजचे निर्वासित. आणि एकात बाळ येशू, आई-बापांबरोबर इजिप्तकडे पळालेला, म्हणजे तोही निर्वासितच. चारही खणांत येशू आहे आणि प्रत्येक वेळी त्याचा वंश निराळा. वरच्या व्हिक्टोरियन काचेतल्या मंडळींखाली ही चित्रं बसली आहेत. मान वर-खाली केली की दीडशे वर्षांचा फरक डोळ्यांना दिसतो, कुणी भाषण द्यायची गरज पडत नाही.

येशूचा वर्ण बदलला म्हणून काही लोकांना राग येतो. तसा तो यापूर्वीही आलाय, आणि आपल्या अंगणात आलाय. गोव्याचे अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मेरीला साडी नेसवली, येशूला इथल्या मातीचा केला. गोव्यात त्यावर गदारोळ झाला. फोन्सेका पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काढत राहिले. त्यांची चित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना ब्रिस्टलच्या काचांत धक्का बसण्यासारखं काही नाही. उलट एवढी वर्षं इंग्रजांनी पॅलेस्टाइनच्या सुताराला गोरापान, सोनेरी केसांचा काढला, तो कसा कुणाला खटकला नाही, याचंच नवल वाटावं.

आता मास्तरकी. काचेचं चित्र कागदावर सुंदर दिसलं म्हणून काचेत सुंदर दिसेल असं नसतं. रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या खाचेच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाखतात, मग त्यात सिमेंटसारखा लगदा भरून पक्कं करतात. चेहऱ्यावरच्या रेघा, बोटं, कपड्याच्या चुण्या या काळपट रंगानं काचेवर काढून भट्टीत भाजून घ्याव्या लागतात. म्हणजे दोन प्रकारची रेघ आली. एक भाजलेली, नाजूक. दुसरी शिशाची, जाड, जिला चुकवता येत नाही. चांगला चित्रकार शिशाची रेघ आधी ठरवतो आणि चित्र तिच्याभोवती उभं करतो. कच्चा चित्रकार चित्र आधी काढतो, मग शिसं माणसाच्या गालावरून जातं आणि वण आल्यासारखं दिसतं. शिवाय हे सगळं खालून, लांबून, मान वर करून बघायचं. इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रात पोरं इंचभर जागेत सतरा फुलं काढतात, तसलं इथं चालत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. ही खिडकी उत्तरेची. दक्षिणेच्या खिडकीवर ऊन आलं की लाल-पिवळा पेटतो आणि ढग आला की विझतो. बघायची वेळ साधावी लागते. उत्तरेच्या खिडकीला ते नखरे नाहीत. सारखा, थंड उजेड, म्हणून तर चित्रकार स्टुडिओची खिडकी उत्तरेला मागतो. निळा तिथं शांत खुलतो, लालाला मात्र जोर मिळत नाही. समुद्र, प्रवास, होडी हा विषय उत्तरेच्या उजेडाला मानवतो. बाईंनी हे ठरवून केलं की आपसूक जुळलं, मला ठाऊक नाही, पण जुळलंय खरं.

चारांतला बस बहिष्काराचा खण मला सगळ्यांत कमी भिडला, आणि त्यात दोष विषयाचा जास्त. गुलामांचं जहाज दिसतं. निर्वासितांची होडी दिसते. बहिष्कार म्हणजे न घडलेली गोष्ट : लोक बसमध्ये चढले नाहीत. न घडलेलं कसं काढणार? गांधीजींच्या असहकारावर पोरांना चित्र काढायला सांगा, सगळी चरखा काढतात. त्यामुळे हा खण गोष्ट माहीत असल्याशिवाय लागत नाही. म्हणून गोष्ट सांगून ठेवतो, वाचून गेलात तर माझ्यापेक्षा जास्त आवडेल.

ब्रिस्टलची बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नसे. गाय बेली नावाच्या तरुणाला मुलाखतीला बोलावलं आणि तो काळा आहे हे कळल्यावर मुलाखतच रद्द केली. पॉल स्टीफन्सन, रॉय हॅकेट आणि सोबत्यांनी बहिष्कार पुकारला. चार महिने चालला. २८ ऑगस्ट १९६३ ला कंपनीनं बंदी उठवली, ज्या दिवशी तिकडे वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते गाजलेलं भाषण झालं त्याच दिवशी. आणि त्यानंतर सप्टेंबरात पहिला गोरा नसलेला कंडक्टर म्हणून जो लागला तो आपल्याकडचा, रघबीर सिंग, शीख. १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्यामागे या लढ्याचा हात होता असं मानतात. आम्ही त्या दिवशी ज्या बसनं आलो तिचा ड्रायव्हर पगडीवाला होता. मी सौ.ना कोपरानं ढोसलं. त्या म्हणाल्या, "अहो, माणसाकडे असं टक लावून बघू नये."

निर्वासितांचा आणि इजिप्तचा हे दोन खण मात्र एकमेकांना फार छान बोलतात. बायबल न वाचलेल्या माझ्यासारख्यालाही कळतं, की गोष्ट एकच आहे. ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये, म्हणजे गावातल्या दुसऱ्या मोठ्या चर्चमध्ये, कोल्स्टनच्याच नावाची आणखी एक खिडकी आहे. तिच्यात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे, रस्त्यात पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्याची, आणि 'जा, तूही तसंच कर' हे वाक्य. गुलामांच्या व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ ही गोष्ट! व्हिक्टोरियन मंडळींना त्यात विसंगती दिसली नसावी. रेडक्लिफच्या काचा मला त्या खिडकीला दिलेलं उत्तर वाटतात.

पॅरिसशी तुलना केल्यावाचून राहवत नाही, कारण आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निवृत्त कलाशिक्षक मंडळींचं त्यावर जोरदार वाजलं होतं. तिथल्या नोत्र दाम या कॅथीड्रलला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली. दक्षिणेकडच्या चॅपलांतल्या, एकोणिसाव्या शतकात वास्तुकार व्हियोले-ल-द्युकच्या आराखड्यानं केलेल्या काचा त्या आगीतून धडधाकट वाचल्या. तरी राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी एकविसाव्या शतकाची खूण हवी म्हणून सहा खिडक्यांसाठी स्पर्धा जाहीर केली. शंभरावर कलाकार आले, आठ अंतिम फेरीत गेले. पट्ट्यांसाठी जगभर गाजलेले दानिएल ब्युरँ त्यात होते. डिसेंबर २०२४ मध्ये नंबर लागला क्लेअर ताबुरे यांचा. काचकाम रीम्सच्या सिमों-मार्क या जुन्या कारखान्याकडे, ज्यांनी चित्रकार शगालच्या काचा केल्या तेच. चित्रं चांगली आहेत, कारागीर उत्तम. पण वारसा-समितीनं एकमतानं विरोध केला होता, विरोधाच्या अर्जावर लाखांनी सह्या झाल्या, आणि मला तो विरोध पटतो. तिथं बिनघोर, शाबूत, कुणाचं वाईट न केलेल्या काचा काढायच्या आहेत. ब्रिस्टलला काच काढायला कारण होतं. स्पर्धा कितीही मोठी करा, जागा का रिकामी झाली याचं उत्तर नसेल तर विजेत्याच्या डोक्यावर ते ओझं कायम राहतं.

बाकी चर्चबद्दल पटापट सांगतो. टॉवरखालच्या चॅपलमध्ये मध्ययुगीन काचेचे उरलेसुरले तुकडे जोडून लावलेत, ते आधी बघा. खरा जुना निळा म्हणजे काय ते कळतं. लेडी चॅपलमधल्या हॅरी स्टॅमर्स यांच्या १९६० च्या दशकातल्या काचा रंगानं दमदार आहेत, त्या चुकवू नका. छताला आतून, कमानींच्या सांध्यांवर, सोन्याचा मुलामा दिलेल्या बाराशेच्या वर कोरीव गाठी आहेत, प्रत्येक वेगळी. घरची छोटी दुर्बीण न्या. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनच्या वडिलांचं, अॅडमिरल पेन यांचं चिलखत भिंतीवर टांगलंय. एक व्हेलचं हाड आहे. दर्यावर्दी जॉन कॅबटनं १४९७ च्या सफरीहून आणलं म्हणतात. १४४६ मध्ये वीज पडून मोडलेला मनोरा १८७२ मध्ये पुरा केला. आपल्याकडचे पूल आठवून जीव निवाला.

बाहेरच्या हिरवळीवर मात्र वेळ काढा. तिथं ट्रामच्या रुळाचा एक तुकडा तिरका जमिनीत रुतलाय. ११ एप्रिल १९४१, गुड फ्रायडे. जर्मन बॉम्ब शेजारच्या रस्त्यावर पडला आणि रूळ उखडून घरांवरून उडत येऊन इथं घुसला. चर्च थोडक्यात वाचलं. रूळ त्यांनी काढला नाही, शेजारी एक पाटी लावली, बास. मी त्याला हात लावून पाहिला. गंजलेलं, जाड लोखंड, आजूबाजूचं गवत मात्र नीट कापलेलं. आयुष्यभर स्पर्धांचे कागद तपासलेल्या माणसानं असं म्हणू नये, पण त्या आवारातलं सर्वांत जोरकस स्मारक हेच, आणि ते कुणीच डिझाइन केलेलं नाही. युद्धस्मारकं म्हणून दगडी शिपाई पाहून कंटाळलेल्यांनी हे जरूर बघावं.

त्याच आवारात एक छोटा दगड आहे, 'द चर्च कॅट, १९१२–१९२७' एवढंच कोरलेला. चर्चच्या मांजराची कबर. सौ.ना चार काचांपेक्षा हे मांजर आवडलं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

गुण द्यायचेच तर : विषयनिवड आणि धाडस यांना ए ग्रेड. रचनेला ए, बसच्या खणापुरती बी. स्पर्धेच्या आयोजनाला माझ्याकडून नारळ, टॉवेल आणि टोपी.

जाताना क्रम असा ठेवा. आधी बंदरावरच्या एम शेड संग्रहालयात जा. तिथं तो पाण्यातून काढलेला कोल्स्टनचा पुतळा आडवा ठेवलाय, अंगावरच्या रंगाच्या फवाऱ्यांसकट. तेही फुकट आहे, सोमवारी बंद असतं, तेवढं बघून घ्या. पुतळा बघून मग चर्चला गेलात की खिडकी जास्त बोलते. तिथून दम असेल तर बसनं आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत जा. राजा राममोहन रॉय १८३३ मध्ये याच गावात वारले, त्यांच्या समाधीवर द्वारकानाथ टागोरांनी बांधवलेली छत्री आहे. इंग्लंडातल्या दफनभूमीत आपल्या धाटणीची छत्री बघून बरं वाटतं. चर्चला रविवारी सकाळी जाऊ नका, उपासना चालू असते आणि दुर्बीण घेऊन हिंडणं बरं दिसत नाही. आठवड्यातली मधली दुपार उत्तम. उत्तरेची खिडकी असल्यानं पाऊस असला तरी बिघडत नाही, आणि ब्रिस्टलला तो असतोच.